पॅरिसला वाकले, वॉशिंग्टनला मोडले

पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम एक दिवस झाला होता. १२ नोव्हेंबर १९१८ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना सांगितलं, की तहाच्या वाटाघाटींसाठी तुम्ही स्वतः युरोपात जाऊ नये. त्यांचं गणित साधं होतं. वॉशिंग्टनमध्ये बसून विल्सन जे बोलतील त्याला सगळ्या जगात वजन आहे, कारण तिथं त्यांच्याशी घासाघीस करायला समोर कुणी नाही. पॅरिसच्या टेबलावर जाऊन बसले, की ते तीन-चार पुढाऱ्यांपैकी एक होणार. शिवाय घरी बसलेल्याला ‘विचार करून कळवतो’ म्हणण्याची सोय असते. समोरासमोर बसलेल्याला तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हणावं लागतं. लॅन्सिंग यांनी पुढे लिहून ठेवलं आहे, की हा सल्ला ऐकताना विल्सन यांचा चेहरा कठोर झाला आणि ते एक शब्दही बोलले नाहीत. सहाच दिवसांनी ते जाणार असल्याची घोषणा झाली.

देशाच्या प्रमुखानं परक्या भूमीवर जाऊन तह करावा का, केला तर कुणाला बरोबर घ्यावं आणि तिथं दिलेल्या शब्दाला मायदेशात कुणी बांधील असावं, हा वाद तेव्हापासून आजवर मिटलेला नाही. विल्सन यांच्या उदाहरणात तो सगळ्यात उघडपणे दिसतो, कारण त्यांनी जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं टोकाचं उत्तर निवडलं आणि त्याची किंमतही पुरेपूर मोजली.

त्यांच्यापुढे एक अगदी वेगळा धडा होता. १९०५ मध्ये रशिया-जपान युद्ध मिटवताना थिओडोर रूझवेल्ट यांनी दोन्ही देशांच्या प्रतिनिधींना न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला बोलावलं, आणि स्वतः मात्र लाँग आयलंडवरच्या घरी बसून तारा पाठवत, निरोप्यांकरवी दाब टाकत राहिले. तह झाला. टोकियोत लोकांनी तो नापसंत म्हणून दंगल केली, पण तिची झळ रूझवेल्टना लागली नाही. पुढच्या वर्षी त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. लॅन्सिंग यांचा सल्ला याच वळणाचा होता. फक्त एक गोष्ट विसरता कामा नये: राष्ट्राध्यक्ष घरी राहिले असते, तर पॅरिसला अमेरिकेचं नेतृत्व खुद्द लॅन्सिंग यांच्याकडे आलं असतं. सल्ला शहाणपणाचा असेलही, पण निःस्वार्थी नव्हता.

विल्सन हे मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक, प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. पीएच.डी. असलेले अमेरिकेचे ते आजवरचे एकमेव राष्ट्राध्यक्ष. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री. ८ जानेवारी १९१८ रोजी काँग्रेससमोर त्यांनी आपले प्रसिद्ध चौदा मुद्दे मांडले: गुप्त करार नकोत, समुद्रावरचा संचार खुला असावा, शस्त्रं कमी व्हावीत, वसाहतींच्या दाव्यांत तिथल्या लोकांच्या हिताचाही विचार व्हावा, आणि शेवटी सगळ्या राष्ट्रांचा एक संघ असावा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हरू लागलेल्या जर्मनीनं युद्धबंदीची विनंती केली ती लंडनला किंवा पॅरिसला नव्हे, थेट विल्सन यांना, आणि याच मुद्द्यांच्या आधारावर. फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांनी त्यावर मारलेला टोमणा अजून सांगितला जातो, की देवाचं दहा आज्ञांत भागलं, विल्सनना चौदा लागल्या.

देशाबाहेर हा मान असताना घरात मात्र पायाखालची जमीन सरकत होती. २५ ऑक्टोबरला विल्सन यांनी मतदारांना जाहीर आवाहन केलं, की माझं नेतृत्व जगात टिकावं असं वाटत असेल तर दोन्ही सभागृहांत माझ्या डेमोक्रॅटिक पक्षाला बहुमत द्या. युद्धाच्या काळात रिपब्लिकन पक्षानं सरकारला साथ दिली होती. त्यांना हे आवाहन फार झोंबलं. ५ नोव्हेंबरला निकाल लागले आणि दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हाती गेली. सिनेटमधली आघाडी अगदी निसटती होती, ४९ विरुद्ध ४७. पण तेवढ्यावर परराष्ट्र व्यवहार समितीचं अध्यक्षपद विल्सन यांचे कट्टर विरोधक हेन्री कॅबट लॉज यांच्याकडे जाणार होतं. थिओडोर रूझवेल्ट यांनी तर जाहीर पत्रक काढलं, की या घडीला विल्सन यांना अमेरिकन जनतेच्या वतीनं बोलण्याचा कसलाच अधिकार उरलेला नाही. आपला राष्ट्राध्यक्ष तहाला निघाला असताना माजी राष्ट्राध्यक्षानं मित्रराष्ट्रांना आणि शत्रूला हे ऐकवावं, याला देशाभिमान म्हणायचं की पक्षाभिमान, यावर त्या वेळीही भांडणं झाली.

इथं अमेरिकेच्या राज्यघटनेतली एक पाचर ध्यानात घ्यावी लागते. तह करणार राष्ट्राध्यक्ष, पण त्याला सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. म्हणजे विरोधकांतले बरेच जण वळवल्याशिवाय तह पार पडणं अशक्य. १८९८ मध्ये स्पेनशी तह करताना विल्यम मॅकिन्ले यांनी पाच जणांच्या शिष्टमंडळात तीन सिनेटरच घातले होते, आणि त्यात विरोधी पक्षाचाही एक होता. तरीसुद्धा तो तह सिनेटमध्ये ५७ विरुद्ध २७ असा, म्हणजे गरजेपेक्षा फक्त एक मत जास्त मिळवून पार पडला.

विल्सन यांच्या शिष्टमंडळात कोण होतं? ते स्वतः, लॅन्सिंग, त्यांचे जिवलग सल्लागार ‘कर्नल’ एडवर्ड हाउस, जनरल टास्कर ब्लिस आणि हेन्री व्हाइट. यांत रिपब्लिकन म्हणावेत असे एकटे व्हाइट, आणि ते निवृत्त राजनैतिक अधिकारी; पक्षात त्यांच्या शब्दाला काडीचं वजन नव्हतं. सिनेटर एकही नाही. माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट राष्ट्रसंघाच्या कल्पनेचे उघड पुरस्कर्ते होते, तेही नाहीत. माजी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट यांच्यासारखा मुरलेला कायदेपंडितही नाही. लॉज यांना नेणं तर विल्सन यांच्या मनाला शिवलंही नसेल. गंमत अशी, की या दोघांची गाठ चाळीस वर्षांपूर्वी पडलेली होती. १८७९ मध्ये विद्यार्थी विल्सन यांचा एक लेख ज्या नियतकालिकानं स्वीकारला, त्याच्या संपादकांपैकी एक लॉज होते. त्या लेखाचा विषय होता अमेरिकेची राज्यपद्धती.

राष्ट्राध्यक्षांनी हे का केलं, याचं उत्तर त्यांच्याच पुस्तकात आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या घटनात्मक राज्यकारभारावर लिहिताना त्यांनी म्हटलं होतं, की परराष्ट्र व्यवहारात राष्ट्राध्यक्षाला वाटाघाटी अशा थराला नेता येतात, की एकदा त्या पूर्ण झाल्यावर देश बांधला गेलेला असतो आणि सिनेटला मनाविरुद्ध का होईना, मान डोलवावी लागते. त्याच पुस्तकात दुसराही मार्ग सांगितला आहे: राष्ट्राध्यक्षानं ताठा सोडून सिनेटच्या पुढाऱ्यांशी विश्वासानं बोलत राहावं. प्राध्यापक विल्सन यांना दोन्ही वाटा ठाऊक होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी पहिली धरली.

४ डिसेंबर १९१८ रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या जहाजातून ते होबोकनहून निघाले. पदावर असताना युरोपात पाऊल ठेवणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. घटनेच्या दृष्टीनं हे चालतं का, म्हणून गदारोळ झाला. पद रिकामं समजावं असा ठरावसुद्धा सिनेटमध्ये मांडला गेला. युरोपात मात्र त्यांचं जे स्वागत झालं ते तोवर कुणा राजालाही लाभलं नसेल. पॅरिस, लंडन, रोम, मिलान, सगळीकडे रस्ते तुडुंब. त्यामुळे त्यांचा एक ग्रह पक्का झाला, की राज्यकर्ते काहीही म्हणोत, युरोपची जनता आपल्या बाजूनं आहे. हाच ग्रह पुढे एप्रिलमध्ये अंगाशी आला. ॲड्रिॲटिक किनाऱ्यावरचं फ्यूमे हे बंदर इटलीला हवं होतं. २३ एप्रिल १९१९ रोजी विल्सन यांनी इटलीच्या पंतप्रधानांना वगळून थेट इटालियन जनतेला उद्देशून निवेदन काढलं. पंतप्रधान ओर्लांदो परिषद सोडून रोमला गेले आणि ज्या जनतेनं चार महिन्यांपूर्वी फुलं उधळली होती तीच विल्सन यांच्या नावानं शिमगा करू लागली. फुलं उधळणारी गर्दी ही मतदारांची यादी नव्हे, हे राजकारणी माणसाला सांगावं लागू नये.

परिषद १८ जानेवारी १९१९ रोजी सुरू झाली. पहिले दोन महिने दहा जणांच्या मंडळात बोलणी चालली, मग मार्चअखेर खरी सूत्रं चौघांकडे आली: विल्सन, क्लेमांसो, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज आणि ओर्लांदो. बहुतेक बैठका विल्सन यांच्या पॅरिसमधल्या निवासस्थानी होत. क्लेमांसो ७७ वर्षांचे; हातात करडे मोजे, कारण हातांना इसब होता. फेब्रुवारीत एका अराजकवाद्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातली एक शरीरात तशीच राहिली, आणि आठ-दहा दिवसांत म्हातारा पुन्हा कामावर हजर. तरुणपणी अमेरिकेत राहून शिकवलेलं असल्यामुळे त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांना फ्रेंच येत नव्हतं, ओर्लांदोंना इंग्रजी. म्हणजे चौघांपैकी ज्याला सगळं सर्वांत नीट कळत होतं, तो फ्रान्सचा पंतप्रधान. सीमा ठरवायच्या तेव्हा मोठमोठे नकाशे थेट जमिनीवर पसरले जात आणि विल्सन त्यांवर गुडघे टेकून, ओणवे होऊन रेघा तपासत. तिथं राष्ट्राध्यक्षाचा रुबाब उरत नसे. लॅन्सिंग यांना नेमकं हेच चित्र दिसलं असावं.

मधल्या काळात एक घरगुती म्हणावा असा दुरावा आला. १४ फेब्रुवारीला राष्ट्रसंघाचा मसुदा मांडून विल्सन महिनाभरासाठी अमेरिकेला गेले आणि पॅरिसची जबाबदारी हाउस यांच्याकडे सोपवली. हाउस हे गोड बोलून काम काढणारे गृहस्थ. तडजोडीशिवाय गाडा पुढे जात नाही, असं त्यांचं मत. त्यांनी फ्रान्सशी बोलताना बराच ढिलेपणा दाखवला. विल्सन १३ मार्चला परत आले आणि हाउसची हकिकत ऐकून हादरले. एडिथ विल्सन यांनी आठवणींत लिहिलं आहे, की त्या रात्री नवरा काही तासांत दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला. हाउस खरोखर तेवढे दोषी होते का, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि एडिथबाईंचं हाउस यांच्याशी कधीच पटलं नव्हतं हेही खरं. पण इतकी वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या मनातलं ओळखणारा एकुलता एक माणूस दूर गेला, आणि त्याची जागा कुणीच घेतली नाही. लॅन्सिंग तर पहिल्यापासून बाहेरच होते. आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला बैठकीत काय ठरलं ते इतरांकडून कळावं, असा तो कारभार होता.

याच लॅन्सिंग यांनी डिसेंबर १९१८ मध्ये स्वतःच्या टिपणात लिहून ठेवलं होतं, की ‘स्वयंनिर्णय’ या शब्दात सुरुंगाची दारू ठासून भरली आहे; तो ज्यांच्या कानावर जाईल त्यांच्या आशा वाढतील आणि पुऱ्या होणार नाहीत. हे भाकीत पुण्या-मुंबईपर्यंत खरं ठरलं. लोकमान्य टिळक त्या वेळी ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. दिल्लीच्या काँग्रेसनं डिसेंबर १९१८ मध्ये शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली होती. सरकारनं टिळकांना पॅरिसला जायला परवानगी दिली नाही. मग त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये क्लेमांसो आणि विल्सन यांना पत्रं लिहिली, सोबत हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची बाजू मांडणारी पत्रिका जोडली. विल्सन यांच्या चिटणीसाकडून आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की हा विषय योग्य वेळी योग्य अधिकारी हाताळतील. परिषदेत हिंदुस्थानला जागा होती, पण तिथं बसले भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. टिळकांना विल्सन यांच्याविषयी फार भ्रम होता असं मला वाटत नाही. दार वाजवून पाहायला हरकत नव्हती, आणि आपण वाजवलं हे जगाला कळणंही महत्त्वाचं होतं.

इजिप्तच्या साद झगलूल यांची कथा याहून कडवट. इंग्रजांनी त्यांना माल्टात डांबलं होतं. सुटून ते एप्रिलमध्ये फ्रान्सला पोहोचतात तोच अमेरिकेनं इजिप्तवरचं ब्रिटिश संरक्षण मान्य करून टाकलं.

पण विल्सन यांच्या स्वतःच्या माणसांना सगळ्यात लागला तो शांटुंगचा निर्णय. चीनमधल्या या प्रांतातले जर्मनीचे हक्क युद्धात जपाननं काबीज केले होते. चीन मित्रराष्ट्रांच्याच बाजूचा; त्याला वाटलं, आपलं आपल्याला परत मिळेल. त्याआधी ११ एप्रिलला जपाननं राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमानतेचं तत्त्व घालण्याची सूचना मांडली होती. १७ पैकी ११ मतं बाजूनं पडूनही, अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती फेटाळली. आता शांटुंगही नाकारलं तर इटलीपाठोपाठ जपानही उठून जाईल आणि राष्ट्रसंघ जन्मायच्या आधीच मरेल, अशी त्यांना धास्ती होती. जनरल ब्लिस यांनी लॅन्सिंग आणि व्हाइट यांच्याही वतीनं लेखी विरोध नोंदवला. शिपायानं चोराकडून तुमचं पाकीट सोडवलं, आतले पैसे स्वतः ठेवून रिकामं पाकीट तुम्हाला दिलं आणि कर्तव्य बजावल्याचं सांगितलं तर तुम्ही मानाल का, असा त्या पत्राचा रोख होता. ३० एप्रिलला शांटुंग जपानला गेलं. ४ मे रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आधुनिक चीनच्या राजकारणाची सुरुवात पुष्कळ जण त्या दिवसापासून मोजतात. चीननं तहावर सही केलीच नाही.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायला सह्या झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचं तहाच्या आर्थिक परिणामांवरचं पुस्तक आलं आणि विल्सन यांची प्रतिमा कायमची बिघडली. केन्स परिषदेत ब्रिटनच्या अर्थखात्याचे प्रतिनिधी होते आणि वैतागून जूनमध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले होते. त्यांनी रंगवलेले विल्सन हे मंद बुद्धीचे, पाद्री वळणाचे, तपशिलांची तयारी नसलेले गृहस्थ आहेत. चतुर युरोपियनांनी त्यांना गुंडाळलं आणि गुंडाळलं गेल्याचं त्यांना कळलंही नाही. पुस्तक झकास आहे, पण न्याय्य नाही. विल्सन यांना काय सोडावं लागतंय ते चांगलं कळत होतं. फ्रान्सला ऱ्हाइनचा डावा काठ तोडून हवा होता, तो त्यांनी मिळू दिला नाही. सारचा कोळशाचा पट्टा कायमचा हवा होता, त्याऐवजी पंधरा वर्षांनी सार्वमत ठरलं. यासाठी त्यांनी ७ एप्रिलला, नुकत्याच आलेल्या तापातून उठता उठता, परत जाण्यासाठी जहाज तयार ठेवायचा हुकूम सोडला होता. मी इथं लॅन्सिंग यांच्या विरुद्ध मत देईन. विल्सन पॅरिसला गेले नसते तर तह याहून कठोर झाला असता आणि राष्ट्रसंघ त्या तहात घुसलाच नसता. जाणं चुकलं नाही.

चुकलं ते पुढे, आणि ते पॅरिसमध्ये नव्हे.

फेब्रुवारी-मार्चच्या त्या अमेरिका फेरीतच इशारा मिळाला होता. लॉज यांनी मार्चच्या सुरुवातीला ३९ आजी व भावी सिनेटरांच्या सह्यांचं पत्रक वाचून दाखवलं: राष्ट्रसंघाचा मसुदा आहे त्या स्वरूपात आम्हाला मान्य नाही. ९६ जणांच्या सभागृहात एक तृतीयांशाहून हे जास्त होते. टाफ्ट यांच्यासारख्या हितचिंतकांनी काही दुरुस्त्या सुचवल्या, विल्सन यांनी त्या पॅरिसमध्ये मिळवूनही आणल्या, आणि त्या मागताना बदल्यात बरंच काही द्यावं लागलं. १० जुलैला त्यांनी तह सिनेटपुढे ठेवला तेव्हा, आता आणखी काय हवं, अशी त्यांची भूमिका होती.

लॉज घाईत नव्हते. त्यांनी समितीत अडीचशेहून जास्त पानांचा संपूर्ण तह मोठ्यानं वाचायला घेतला. दोन आठवडे तेच चाललं. सिनेटमध्ये तीन तट पडले होते. विल्सन यांचे डेमोक्रॅट. बोराह, हायरम जॉन्सन यांच्यासारखे डझनभर कट्टर, ज्यांना कुठल्याही अटीवर राष्ट्रसंघ नको होता. आणि मधले बरेच, ज्यांना अटी घालून तह हवा होता. मुख्य भांडण दहाव्या कलमाचं. त्यानुसार प्रत्येक सदस्य राष्ट्रानं इतरांच्या सीमांचं बाहेरच्या आक्रमणापासून रक्षण करण्याचं वचन द्यायचं होतं. लॉज यांची अट अशी, की काँग्रेसनं प्रत्येक वेळी स्वतंत्र ठराव केल्याशिवाय अमेरिकेवर असं कोणतंही बंधन येणार नाही. विल्सन म्हणत, हे कलम म्हणजे राष्ट्रसंघाचं काळीज. तेच काढलं तर उरलं काय? पण युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेनं काँग्रेसलाच दिलेला आहे. लॉज यांची अट नसती तरी व्यवहारात तेच घडणार होतं. लॉज यांनी एकूण अटी घातल्या त्याही मोजून चौदा. लॉज यांच्या मनात पक्षाचा फायदा आणि वैयक्तिक सूड नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तरी त्या अटींतली प्रत्येक अट खोडी काढण्यासाठी होती असंही नाही.

विल्सन यांनी पुन्हा सिनेटला वळसा घातला. ३ सप्टेंबरला ते रेल्वेनं देशाच्या दौऱ्यावर निघाले. आठ हजार मैल, तीन आठवड्यांत चाळीसच्या आसपास भाषणं, असह्य डोकेदुखी, आणि बहुतेक ठिकाणी ध्वनिवर्धकाशिवाय मोठमोठ्या सभा. ते दौऱ्यावर असतानाच पॅरिसच्या शिष्टमंडळातून राजीनामा दिलेल्या विल्यम बुलिट या तरुण अधिकाऱ्यानं सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि लॅन्सिंग खासगीत या तहाविषयी किती वाईट बोलत होते ते सांगून टाकलं. २५ सप्टेंबरला कोलोरॅडोतल्या प्वेब्लोच्या सभेनंतर विल्सन कोसळले. २ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये पक्षाघाताचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली.

पुढचे काही महिने अमेरिकेचा कारभार खरं कोण पाहत होतं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एडिथ विल्सन आणि डॉक्टर केरी ग्रेसन यांनी आजाराचं स्वरूप देशापासून लपवलं. कुठला कागद नवऱ्यापर्यंत न्यायचा ते एडिथबाई ठरवत. डिसेंबरात दोन सिनेटर खात्री करून घ्यायला आले. त्यांतले विरोधी सिनेटर म्हणाले, की आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. विल्सन यांनी विचारलं, ‘कोणत्या बाजूनं?’ असा किस्सा सांगतात. डोकं चालत होतं. मन मात्र दगडासारखं झालं होतं.

डेमोक्रॅट नेते गिल्बर्ट हिचकॉक यांनी तडजोडीबद्दल विचारलं. एडिथबाईंनीही, त्यांच्याच सांगण्यानुसार, अटी स्वीकारून हे एकदाचं संपवा म्हणून विनवलं. उत्तर एकच: तडजोड करायची तर लॉज यांनी करावी. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी मतं पडली. अटींसह तह: ३९ विरुद्ध ५५, नामंजूर. अटींशिवाय: ३८ विरुद्ध ५३, नामंजूर. जानेवारी १९२० अखेर ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रे यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून कळवलं, की अमेरिकेच्या अटी मित्रराष्ट्रांना चालतील. ज्यांच्याशी तह करायचा त्यांनाच हरकत नव्हती. विल्सन तरीही हलले नाहीत. फेब्रुवारीत त्यांनी लॅन्सिंग यांना घरी पाठवलं, कारण काय, तर आपल्या आजारपणात त्यांनी न विचारता मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्या. १९ मार्च १९२० रोजी शेवटचं मतदान झालं. अटींसह तहाच्या बाजूनं ४९, विरुद्ध ३५. दोन तृतीयांशाला सात मतं कमी. त्या ३५ विरोधी मतांत २३ डेमोक्रॅटांची होती, आणि ती राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेनुसार पडली होती.

या आकड्यापाशी सगळे वाद येऊन थांबतात, म्हणून तो पुन्हा वाचावा. तह लॉज यांनी मारला की विल्सन यांनी? टॉमस बेली यांच्यासारख्या इतिहासकारानं १९४५ मध्ये स्वच्छ लिहिलं, की बाळ ज्याचं, घात त्याच्याच हातून. दुसऱ्या बाजूला विल्सन यांचे कागदपत्र संपादित करण्यात आयुष्य घालवलेले आर्थर लिंक हे राष्ट्राध्यक्षांच्या दूरदृष्टीचे वकील राहिले. वैद्यकीय अंगानं अभ्यास करणारे म्हणतात, की हा हट्ट स्वभावाचा नव्हे, मेंदूच्या आजाराचा. आजारानं तडजोडीची शक्ती नेली हे मला पटतं; पण शिष्टमंडळात एकही सिनेटर न घेण्याचा निर्णय नोव्हेंबर १९१८ चा आहे, आणि तेव्हा विल्सन धडधाकट होते. क्लेमांसो, लॉइड जॉर्ज, जपान, सगळ्यांपुढे तत्त्वाला मुरड घालणारा माणूस स्वतःच्या देशातल्या विरोधकांपुढे मात्र ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणून बसला. परक्यांशी केलेली तडजोड त्यांना मुत्सद्देगिरी वाटली, घरच्यांशी केलेली शरणागती.

अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. जर्मनीशी तिनं ऑगस्ट १९२१ मध्ये वेगळा तह केला. विल्सन यांना १९१९ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं, आणि ३ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांचं निधन झालं.

फेब्रुवारी १९१९ मध्ये ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ जहाजावर विल्सन यांच्याबरोबर पॅरिसहून परतणाऱ्यांत नौदल खात्याचे एक तरुण उपमंत्री होते, फ्रँकलिन रूझवेल्ट. पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या बाजूनं प्रचार करत ते उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि सपाटून हरले. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला शिष्टमंडळ पाठवायची वेळ आली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या याच रूझवेल्ट यांनी त्यात सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष टॉम कॉनली आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाचे वजनदार सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांना घातलं. आठ जणांत रिपब्लिकन तीन होते. परिषद भरण्याआधीच रूझवेल्ट वारले आणि काम हॅरी ट्रूमन यांच्याकडे आलं. २८ जुलै १९४५ रोजी सिनेटनं संयुक्त राष्ट्रांची सनद मंजूर केली. बाजूनं ८९ मतं, विरुद्ध २.